पंख फुटणे : परसातील पक्ष्यांचे संगोपन आणि मराठी शब्द

१. प्रश्नाचे स्वरूप

‘मुलांना आता पंख फुटले’ असे मराठीत म्हटले जाते, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी गृहीत असतात. मुले आता स्वतःच्या बळावर वावरू लागली आहेत, ही पहिली. आणि आईबापांची त्यांना गरज उरलेली नाही, ही दुसरी. कित्येकदा या उद्गारात तक्रारीचा सूरही असतो. हा वाक्प्रचार पक्ष्यांच्या जीवनातून उचललेला आहे हे उघड आहे. परंतु ज्या जीवनातून तो उचलला त्या जीवनाशी तो कितपत जुळतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

घराच्या परसात घरटी करणाऱ्या पक्ष्यांविषयी मराठीत जे शब्द रूढ आहेत, त्यांपैकी कोणते सूक्ष्म निरीक्षणाची साक्ष देतात आणि कोणते निरीक्षणाच्या आड येतात, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यात जमिनीवर आढळणाऱ्या पिल्लांचे जगणे-मरणे पुष्कळ अंशी या शब्दांच्या अर्थावर अवलंबून असते.

या विचारासाठी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीचा परिसर सोयीचा आहे. दिंडोरी तालुक्यातून वाहणारी कादवा नदी पुढे निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वर येथे गोदावरीस मिळते. तेथील जलाशय २०२० साली रामसर यादीत समाविष्ट झाला. महाराष्ट्रातील तो पहिला रामसर पाणथळ प्रदेश होय. हिवाळी पाहुणे पक्षी पाहण्यासाठी तेथे अभ्यासकांची रीघ लागते. मात्र हे पाहुणे आपली घरटी उत्तरेकडील दूरच्या प्रदेशांत करतात. पिल्लांचे संगोपन पाहावयाचे असेल तर जलाशयाकडे न जाता परसाकडे वळावे लागते. कौलारू घराची वळचण, तुळई आणि भिंत यांमधील पोकळी, कोनाडा, दारचा शेवगा, पेरू, जास्वंद आणि गावाबाहेरील द्राक्षांचे मांडव ही येथील स्थायिक पक्ष्यांची प्रसूतिगृहे होत. चिमणी, साळुंकी, बुलबुल, शिंपी, दयाळ, कावळा आणि सुगरण हे त्यांतील नित्याचे रहिवासी आहेत.

२. दोन प्रकारची पिल्ले

संस्कृतात पक्ष्याला ‘अंडज’ आणि ‘द्विज’ अशी दोन नावे आहेत. एकदा अंड्याच्या रूपाने आणि पुन्हा अंडे फोडून असा त्याचा दोनदा जन्म होतो, ही ‘द्विज’ शब्दामागील कल्पना. शब्द नेटका आहे. मात्र दुसऱ्या जन्माच्या वेळी सर्व पक्ष्यांची पिल्ले सारख्याच अवस्थेत नसतात, ही गोष्ट त्यात येत नाही.

कोंबडीचे पिल्लू एकविसाव्या दिवशी अंड्यातून बाहेर येते, तेव्हा त्याचे डोळे उघडे असतात आणि अंगावर लव असते. ती सुकताच ते चालू लागते व स्वतः दाणे टिपते. शेतात उघड्यावर अंडी घालणाऱ्या टिटवीची पिल्लेही अशीच. त्यांना आईची ऊब आणि राखण लागते. घास भरविण्याची गरज नसते. चिमणी किंवा बुलबुल यांचे पिल्लू याच्या अगदी उलट असते. डोळे मिटलेले, अंग उघडे, मान उचलण्यापुरतेच बळ. शरीराची उष्णता राखण्याची शक्तीही त्याला आरंभी नसते. पहिल्या प्रकारात पक्षी मोठे व सत्त्वसंपन्न अंडे घालतो आणि वाढीचा बराचसा भाग अंड्याच्या आतच उरकतो; दुसऱ्या प्रकारात अंडे लहान, उबवणीचा काळ थोडा, आणि उरलेली वाढ घरट्यात आईबापांच्या श्रमांवर होते.

मराठी मनातील ‘पिल्लू’ या कल्पनेत हे दोन्ही प्रकार एकत्र आले आहेत. आईमागे धावणारे पिल्लू कोंबडीचे, आणि चोच उघडून घासाची वाट पाहणारे पिल्लू चिमणीचे. शब्द मात्र एकच, तोही नपुंसकलिंगी.

३. घरट्यातील दिवस

चिमणी साधारणतः तीन ते पाच अंडी घालते. दररोज एक अंडे घातले जाते. परंतु उबवणी खऱ्या अर्थाने सुरू होते ती अंडी पूर्ण होत आल्यावर. त्यामुळे सारी पिल्ले थोड्याफार अंतराने एकदमच बाहेर येतात. उबविणाऱ्या पक्ष्याच्या पोटावरील काही पिसे या काळात गळतात आणि उघड्या पडलेल्या त्वचेची ऊब अंड्यांना थेट मिळते. सुमारे बारा ते चौदा दिवसांनी पिल्लू चोचीच्या टोकावरील लहानशा कठीण उंचवट्याने कवच फोडते. हा उंचवटा पुढे गळून पडतो.

यानंतरचे दोन आठवडे हा पक्ष्यांच्या जीवनातील सर्वांत कष्टाचा काळ होय. प्रौढ चिमणी मुख्यतः दाणे खाते, पण पिल्लांना आरंभीच्या दिवसांत ती अळ्या आणि कीटक भरविते, कारण झपाट्याने वाढणाऱ्या शरीराला प्रथिनांची गरज असते. म्हणून धान्याच्या कोठारापाशीही कीटक नसतील तर चिमणीची पिल्ले नीट वाढू शकत नाहीत. औषधफवारणी वारंवार होणाऱ्या बागायती प्रदेशात या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

पिल्लू चोच केव्हा आणि कोणत्या दिशेला उघडते, याचा पद्धतशीर अभ्यास निको टिनबर्गेन आणि क्यूनेन यांनी कस्तूर जातीच्या युरोपीय पक्ष्यांच्या पिल्लांवर केला व तो १९३९ साली प्रसिद्ध झाला. डोळे मिटलेले पिल्लू घरट्याला हलकासा धक्का बसताच मान सरळ वर ताणून चोच उघडते. आई कोणत्या बाजूस आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. डोळे उघडल्यानंतर ते दिसणाऱ्या हालचालीस प्रतिसाद देऊ लागते आणि पुढे आईबापाच्या डोक्याच्या रोखाने चोच वळविते. म्हणजे ‘आईला ओळखणे’ ही एकाएकी घडणारी गोष्ट नव्हे. ती पायरीपायरीने घडते. प्राण्यांच्या वर्तनाविषयीच्या संशोधनाबद्दल टिनबर्गेन यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

घरट्याच्या स्वच्छतेची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. पिल्लाची विष्ठा पातळ पापुद्र्याच्या पिशवीत बाहेर पडते. घास भरविल्यावर आई किंवा बाप क्षणभर थांबतो आणि ती पिशवी चोचीत धरून दूर नेऊन टाकतो. बुलबुल ती पुष्कळदा गिळून टाकतो. दुर्गंधी आणि पांढरे डाग हे मांजर, मुंगूस, साप यांना घरट्याचा पत्ता सांगणारे ठरतात.

याच सुमारास पिसे येऊ लागतात. आरंभी ती निळसर नळ्यांसारखी दिसतात. त्यांत रक्तपुरवठा चालू असतो. मग नळीचे टोक फुटते आणि पीस उलगडते. ‘पंख फुटणे’ या क्रियापदातील ‘फुटणे’ येथे अक्षरशः खरे ठरते. अंकुर फुटावा तसे पीस फुटते. हा शब्द ज्याने प्रथम योजिला, त्याने पिल्लू जवळून पाहिले असले पाहिजे.

४. लिंग आणि कर्ता

आता दुसरा प्रश्न : हे काम कोण करते? मराठीत प्राण्यांच्या नावांचे लिंग पुष्कळदा नियत असते. नर असो वा मादी, ‘मुंगी’ स्त्रीलिंगी आणि ‘कावळा’ पुल्लिंगी. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) व्याकरणकारांनी नामांच्या लिंगाचा विस्ताराने विचार केला आहे. शब्दाचे लिंग आणि प्राण्याचे लिंग या भिन्न गोष्टी आहेत, हे अभ्यासकाला ठाऊक असते. परंतु बोलणारा समाज शब्दाचे लिंग वस्तुस्थिती म्हणून वाचतो. परसातील दोन पक्षी याची उत्तम उदाहरणे आहेत.

पहिला पक्षी सुगरण. नाव स्त्रीलिंगी, अर्थ गृहकृत्यदक्ष स्त्री. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेने तिचा खोपा घराघरांत पोचविला आणि पिल्लांसाठी घर विणणारी आई हे चित्र मराठी मनात पक्के झाले. सलीम अली यांनी कुलाबा जिल्ह्यातील (आताचा रायगड) किहीम येथे सुगरणींच्या वसाहतीचे दीर्घ निरीक्षण करून १९३१ साली मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांवरून असे दिसते की, खोपा विणतो तो नर. तो अर्धा झाला की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीने तो पसंत केला, तर नर त्याची नळी पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणावयास घेतो. अंडी उबविणे आणि पिल्लांचे संगोपन यांचा भार मुख्यतः मादीवर पडतो. म्हणजे कवितेतील मातृत्व खरे, विणकाम मात्र बापाचे.

दुसरा पक्षी शिंपी. नाव पुल्लिंगी आणि व्यवसायवाचक. जास्वंद, अंजीर किंवा वांगे यांच्या रुंद पानाच्या कडांना चोचीने छिद्रे पाडून, कापूस, वनस्पतींचे तंतू किंवा कोळ्याचे जाळे त्यांतून ओवून हा पक्षी पानाची पिशवी शिवतो. हे शिवणकाम मुख्यतः मादी करते. सुगरणीच्या बाबतीत नराचे काम स्त्रीलिंगी नावाखाली गेले, शिंप्याच्या बाबतीत मादीचे काम पुल्लिंगी नावाखाली. घर राखणे हे स्त्रीचे आणि धंदा करणे हे पुरुषाचे, ही समाजातील श्रमविभागणी पक्ष्यांच्या नावांत उतरली, असे म्हणावे लागते.

चिमणीची गोष्टही याच जातीची. लोककथेतील चिऊताई मेणाच्या घरात बाळाचे सारे एकटीच करते. चिमण्याचा तेथे पत्ता नसतो. संतवाङ्मयातही चाऱ्यासाठी जाते ती पक्षीण. वास्तविक चिमणा अंड्यांवर बसण्यात आणि घास आणण्यात वाटेकरी असतो. बुलबुल, साळुंकी आणि दयाळ यांच्यातही नर पिल्लांना भरविताना दिसतो. परसात बसून तासभर नोंद ठेवणाऱ्याला ही गोष्ट सहज पडताळून पाहता येईल.

५. परभृत् आणि परभृत

शब्द सर्वत्र फसवितात असे मात्र नव्हे. अमरकोशात कावळ्याला ‘परभृत्’ आणि कोकिळाला ‘परभृत’ असे म्हटले आहे. पहिला शब्द हलन्त, दुसरा अकारान्त. पहिल्याचा अर्थ ‘दुसऱ्याला पोसणारा’, दुसऱ्याचा ‘दुसऱ्याने पोसलेला’. दोन पक्ष्यांमधील सारा संबंध संस्कृताने एका स्वराच्या भेदात बसविला आहे. त्याच कोशातील कावळ्याचे ‘सकृत्प्रज’, म्हणजे एकदाच प्रजा करणारा, हे नावही निरीक्षणातून आलेले दिसते.

उन्हाळ्याच्या अखेरीस कावळ्याचे घरटे तयार होते आणि कोकिळा संधी साधून त्यात आपले अंडे घालते. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांपूर्वी अंड्यातून बाहेर येते आणि घासाच्या स्पर्धेत त्याला आघाडी मिळते. घरटे सोडल्यावरही कावळा त्याला काही काळ भरवीत राहतो. पावसाळ्याच्या आरंभी आपल्याहून वेगळ्या दिसणाऱ्या, थरथरत चोच उघडणाऱ्या पिल्लाला कावळा घास देत असल्याचे दृश्य दिंडोरीसारख्या गावात दुर्मीळ नाही. मराठीत आपण ‘कोकिळा गाते’ म्हणतो. ‘कुहू’ची तान मात्र काळ्या कुळकुळीत नराची असते, ठिपकेदार मादीची नव्हे. संस्कृत कोशाने जे अचूक नोंदविले, ते मराठी काव्यरूढीने लिंगाच्या ओघात बदलले.

६. घरटे सोडण्याचा क्षण

आता ‘पंख फुटणे’ या वाक्प्रचाराकडे पुन्हा वळता येईल. पिसे फुटली म्हणजे पिल्लू उडू लागले, आणि उडू लागले म्हणजे स्वतंत्र झाले, असे हा वाक्प्रचार सुचवितो. निरीक्षण सांगते की, या तीन वेगवेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यामध्ये बरेच अंतर असते.

बुलबुलाचे पिल्लू सुमारे बारा-चौदा दिवसांत घरटे सोडते. त्या वेळी त्याची शेपटी आखूड असते, पंखांची पिसे पुरती वाढलेली नसतात आणि त्याला फार तर एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर फडफडत जाता येते. मग ते इतक्या लवकर बाहेर का पडते? उघड्या घरट्यात एकत्र बसलेली, ओरडणारी पिल्ले ही शत्रूला मिळालेली एकगठ्ठा मेजवानी असते. ती वेगवेगळ्या झुडपांत विखुरली तर त्यांतील एखादे तरी वाचण्याची शक्यता वाढते. इंग्लंडमधील पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी दाखविले की, बिळात किंवा ढोलीत वाढणारी पिल्ले उघड्या घरट्यातील पिल्लांपेक्षा अधिक दिवस घरट्यात राहतात. परसातही हेच दिसते. भिंतीच्या पोकळीत वाढणारी साळुंकीची पिल्ले तीन आठवड्यांहून अधिक काळ आत राहतात, आणि शेवग्यावरील बुलबुलाची दोन आठवड्यांच्या आत बाहेर पडतात. घरटे सोडण्याचा दिवस पंखांच्या बळावर तितका ठरत नाही, जितका घरट्याच्या सुरक्षिततेवर ठरतो.

घरटे सोडलेल्या पिल्लाला आईबाप पुढे एक-दोन आठवडे, कित्येक जातींत त्याहूनही अधिक, भरवीत राहतात. चिमण्यांत हे काम पुष्कळदा नराकडे येते, कारण मादी दुसऱ्या विणीच्या तयारीस लागलेली असते. पिल्लू ठरावीक आवाज देत राहते, त्या आवाजावरून आईबाप त्याला शोधतात, आणि या काळातच ते उडावयास, दाणा ओळखावयास आणि शत्रूपासून लपावयास शिकते. तात्पर्य, पंख फुटणे हा संगोपनाचा शेवट नाही; तो त्याच्या उत्तरार्धाचा आरंभ आहे.

हा उत्तरार्ध ठाऊक नसल्यामुळे माणसाकडून दोन प्रकारची हानी होते. पहिली दयेपोटी. कुंपणापाशी उड्या मारणारे पिल्लू दिसले की ते ‘घरट्यातून पडले’ अथवा ‘पोरके झाले’ असे समजून घरात आणले जाते. त्याला दूध, भाकरी किंवा पाणी चोचीत घालून पाजले जाते. पाणी श्वासनलिकेत जाऊन ते गुदमरते, किंवा अयोग्य आहाराने दोन दिवसांत दगावते. आईबाप मात्र जवळच्या फांदीवर चोचीत अळी धरून ओरडत असतात.

दुसरी हानी एका समजुतीमुळे होते. माणसाचा हात लागलेल्या चिमणीला इतर चिमण्या आपल्यात घेत नाहीत, तिला टोचून मारतात, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आढळते. तिच्यासाठी वापरला जाणारा शब्द ‘विटाळ’ हा आहे. येथे शब्दाने केवढे काम केले आहे, हे भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावे. स्पर्शाने बाटण्याची कल्पना ही माणसाच्या समाजाची. ती त्याने चिमणीवर लादली आणि नंतर जणू निसर्गातच तिचा पुरावा मिळाला असे मानले. वस्तुतः हात लागला एवढ्या कारणाने आईबाप पिल्लाला टाकीत नाहीत. घरटे बांधताना किंवा अंडी असताना वारंवार त्रास दिला तर पक्षी घरटे सोडतात, हे खरे. पण त्याचे कारण भीती, विटाळ नव्हे. या समजुतीमुळे घरट्यातून खरोखरच पडलेले उघडे पिल्लू, जे अलगद उचलून परत ठेवल्यास जगले असते, ते जमिनीवर मरू दिले जाते.

व्यवहाराचा नियम सोपा आहे. डोळे मिटलेले किंवा अंग उघडे असलेले पिल्लू सापडले तर ते घरट्यात परत ठेवावे. अंगभर पिसे असलेले, फांदीला पायाने घट्ट धरू शकणारे पिल्लू असेल तर त्याला तेथेच राहू द्यावे. मांजर-कुत्र्याचे भय असल्यास जवळच्या झुडपावर ठेवून माणसाने दूर व्हावे. पिल्लू जखमी असेल तर वनविभागास कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी वा घरटी विस्कटणे यांचाही समावेश आहे, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. द्राक्षाच्या मांडवावर छाटणी किंवा पानांची विरळणी करण्यापूर्वी घरट्यांवर एक नजर टाकणे बागाईतदारास अवघड नाही. आज-उद्या उडणारी पिल्ले असतील तर एका वेलाचे काम चार दिवस पुढे ढकलता येते.

७. एका शब्दाची उणीव

येथे मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. घरट्याबाहेरचा हा काळ मराठी माणसाच्या नजरेतून कसा निसटला? पाळीव प्राण्यांच्या बाबतीत मराठीची दृष्टी फार सूक्ष्म आहे. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू अशी नावे वेगळी आहेत. पुढे वासरू वाढले की त्याची कालवड किंवा गोऱ्हा होतो, रेडकाची वगार होते. अंडी उबविण्यास उत्सुक कोंबडी ‘खुडूक’, अंड्यांवर बसविलेली ‘रवणीला’ बसलेली, आणि अजून अंडे न घातलेली तरुण कोंबडी ‘तलंग’. जेथे उपजीविकेचा संबंध होता तेथे भाषेने प्रत्येक पायरीला नाव दिले. चिमणी-बुलबुल यांच्याशी असा संबंध नव्हता; म्हणून त्यांच्यासाठी अंडे, पिल्लू आणि पक्षी या तीनच पायऱ्या राहिल्या. घरट्यातील आंधळे पिल्लू आणि कुंपणावरील पिसेवाले पिल्लू एकाच शब्दात कोंबले गेले, आणि एकाला जे हितकारक तेच दुसऱ्याला मारक ठरले.

ही उणीव भरून काढण्यास परकीय संज्ञा आणण्याची आवश्यकता नाही. घरट्यात असलेल्या, पिसे न आलेल्या पिल्लास ‘उघडे पिल्लू’ आणि घरटे सोडलेल्या परंतु अद्याप आईबापांच्या घासावर असलेल्या पिल्लास ‘पंखफुटे पिल्लू’ असे म्हणता येईल. ‘कान फाटणे’ यापासून ‘कानफाटा’ सिद्ध होतो, त्याच रीतीने ‘पंख फुटणे’ यापासून ‘पंखफुटा, पंखफुटी, पंखफुटे’ हे विशेषण सिद्ध होऊ शकते. शब्द ऐकताच कळतो, आणि जुन्या वाक्प्रचारातील अचूक निरीक्षण जपून त्याच्या चुकीच्या अर्थाला मर्यादा घालतो. तो रूढ होईल की नाही हे बोलणाऱ्या समाजावर अवलंबून आहे. परंतु शाळेतील मुलाला ‘हे पंखफुटे आहे, त्याचे आईबाप जवळच असतील’ हे एक वाक्य सांगता आले, तरी पुष्कळ पिल्ले वाचतील.

परसातील घरट्याची नोंद ठेवणे हे विद्यार्थ्याला सहज करण्याजोगे काम आहे. घरट्यात कोण आले, नर की मादी. चोचीत काय होते. पिल्लू केव्हा बाहेर पडले आणि त्यानंतर किती दिवस त्याला घास मिळत राहिला, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. त्याबरोबरच घरातील वडीलधारी माणसे त्या त्या अवस्थेसाठी कोणते शब्द वापरतात, हेही टिपून ठेवावे. दिंडोरी-कळवणकडील बोलींत अशा पायऱ्यांची नावे असतील, तर ती कोशात येण्यापूर्वीच लोप पावू नयेत.